चार मोकळे ठोके

जेजुरकर साहेबांनी पहिली काडी मोडली ती माझ्या बोटांवर. बँडमास्टर म्हणून रुजू होऊन त्यांना तेव्हा दहा मिनिटंही झाली नव्हती.

बँडरूममध्ये आम्ही एकतीस जण अर्धगोल बसलो होतो. पुढच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर मी, हातात क्लॅरिनेट. साहेब आत आले, कुणाकडे बघितलं नाही, टोपी काढून खिडकीत ठेवली आणि बॅटन वर उचलली. बॅटनला आम्ही काडीच म्हणायचो.

"सलामीची धून. वाजवा."

आम्ही वाजवायला लागलो. दोन ओळी होतात न होतात तोच त्यांनी हात आडवा केला. सरळ माझ्यापाशी आले आणि क्लॅरिनेटवरच्या माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर काडी अशी हाणली, की तिचे दोन तुकडे झाले. एक तुकडा उडून मागच्या ढोलावर टणकन आपटला.

"नाव?"

"ऐवळे, साहेब. रामा ऐवळे."

"ऐवळे, हा बँड कोण चालवतं? तू का मी?"

"आपण, साहेब."

"मग ही तीस माणसं माझ्या काडीकडे न बघता तुझ्याकडे का बघतायत?"

उत्तर मला ठाऊक होतं आणि बँडमधल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. आमचे आधीचे बारनबस मास्तर म्हणजे देवमाणूस. त्यांचा हात हवेत फिरायचा तो जिलबीवरच्या माश्या हाकलल्यासारखा. चूक झाली की म्हणायचे, "असू दे लेकरांनो, परत घेऊ या." नऊ वर्षांत ते कुणाला उणा शब्द बोलले नाहीत, आणि नऊ वर्षं आम्ही राज्याच्या पोलीस बँड स्पर्धेत शेवटून पहिले आलो. त्यांच्या हाताकडे बघून कुणालाच सुरुवात कळायची नाही. म्हणून एक रीत पडून गेली होती. चौथ्या ठोक्याला मी क्लॅरिनेटचं तोंड चार बोटं वर उचलायचो आणि ते बघून सगळा बँड सुरू व्हायचा. मी होलाराच्या घरचा. सनई आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या. ठोक्यांची मोजणी मला कुणी शिकवली नाही, तशी ती कधी चुकलीही नाही. निदान तोपर्यंत तरी नाही.

"आजपासून नजर इथं," साहेबांनी खिशातून दुसरी काडी काढली. "ज्याची हलेल, त्याचा डोळा फोडीन."

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. आमचं पोलीस मुख्यालय नदीकाठी होतं, पत्र्याची बँडरूम कवायतीच्या मैदानाच्या कडेला. दुपारी पत्रा तापला की पितळी वाद्यं हातात धरवत नसत. तसल्या भट्टीत साहेब आम्हाला चार-चार तास वाजवायला लावत. साहेब फौजेतून आलेले, उंच, सडपातळ, मिशी कातरलेली, आवाज कधी चढत नसे. ओरडणाऱ्या माणसाची एक सोय असते, तो ओरडायला लागला की आपण सावध होतो. साहेबांचं तसं नव्हतं. बोलता बोलता हात उठायचा.

बाबू तुपे आमच्यात बेस नावाचं मोठं पितळी वाद्य वाजवायचा. तो एका सुरात घसरला, तर साहेबांनी ते बेस त्याला डोक्यावर धरून मैदानात उभं केलं. पाऊण तासानं बाबू बेससकट आडवा झाला. त्याच्या कपाळाला खोक पडली, ती न बघता साहेबांनी आधी बेसला पोचा आला का ते बघितलं. एकदा त्यांनी स्वरलिपी ठेवायचा लोखंडी स्टँड भिरकावला तो हॉर्नवाल्याच्या कानाला चाटून गेला आणि मागचा पत्रा फाटला. पाठीत बूट, कानाखाली जाळ, ह्याचं तर मोजमापच नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तक्रार कुणाकडे करणार? वरचे साहेब म्हणायचे, बँड सुधारतोय, काय हवं ते करा.

आणि बँड खरंच सुधारत होता, तीच तर पंचाईत होती. असा कान मी आयुष्यात परत बघितला नाही. एकतीस वाद्यं वाजत असताना तिसऱ्या रांगेतल्या कुणाच्या पिस्टनला तेल नाही ते त्यांना कळायचं. ढोलवाल्याच्या मनात घरचं भांडण आहे, तेसुद्धा त्याच्या टिपरीवरून कळायचं. प्रत्येकाची ओळ ते स्वतः गाऊन दाखवत, आणि ती गाताना त्यांचा चेहरा इतका निवळायचा, की वाटावं ह्या माणसानं मुंगीसुद्धा मारली नसेल. पाच महिन्यांत आम्ही जे वाजवायला लागलो ते ऐकून बाजारातली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहू लागली. दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो आणि सुजलेल्या जागी हळद लावत होतो.

फक्त एक गोष्ट त्यांना आमच्यातून मारून काढता आली नाही. माणसं नजर काडीकडे ठेवायची, पण काडीत त्यांना सूर दिसत नव्हता, मार दिसत होता. भेदरलेल्या माणसाला ठोका कळत नाही. मग चोरट्या नजरेनं सगळे पुन्हा माझ्याकडेच बघायला लागले. मीही क्लॅरिनेट चार बोटांऐवजी एकच बोट उचलायला लागलो, साहेबांना दिसू नये म्हणून. एकतीस जणांचं ते गुपित होतं आणि त्याचा धनी मी होतो.

स्पर्धेसाठी साहेबांनी स्वतः एक रचना बांधली होती. 'चढाई' तिचं नाव, बारा मिनिटांची. त्यात मधोमध एक जागा होती. सगळा बँड जीव तोडून वर चढत जायचा, आणि एकदम सगळं बंद. चार ठोके काही नाही. श्वाससुद्धा सोडायचा नाही. मग त्या शांततेतून एकटा कॉर्नेट, म्हणजे आखूड तुतारीसारखं पितळी वाद्य, निघायचा आणि तो आठ ठोके वाजला की पुन्हा सगळा बँड. त्या चार मोकळ्या ठोक्यांना आम्ही 'विहीर' म्हणायचो. आवाज आत पडायचा आणि कॉर्नेट त्याला वर काढायचा.

कॉर्नेट वाजवायचा याकोब साळवे. माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचा, माझ्याच वयाचा. लहानपणी चर्चच्या बँडमध्ये शिकलेला. बोलायला मितभाषी, पण कॉर्नेट ओठाला लावला की भडाभडा बोलायचा. विहिरीतून तो निघायचा तेव्हा दोनदा मी साहेबांच्या डोळ्यांत पाणी बघितलंय. खोटं नाही सांगत.

स्पर्धेला तीन आठवडे उरले होते. त्या दिवशी साहेबांचा पारा सकाळपासूनच चढलेला. 'चढाई'च्या सुरुवातीलाच त्यांनी साइड ड्रमवाल्याच्या थोबाडीत दिली, त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं, आणि तसंच वाजवायला लावलं. मी वाजवत होतो, पण माझं सगळं ध्यान साहेबांच्या हातातल्या काडीवर. सूर द्यायला नव्हे, ती कुणाच्या अंगावर उडते ते बघायला. बँड चढत चढत वर गेला आणि तुटला.

विहीर.

एक. दोन. काडी किंचित हलली. मला वाटलं, ह्या खेपेला माझ्यावर. अंग चोरलं गेलं आणि हातातलं क्लॅरिनेट उचललं गेलं.

तिसरा ठोका होता.

याकोबचा कॉर्नेट सुटला. एक ठोका आधी. त्या शांततेत तो सूर काच फुटावी तसा ऐकू आला.

साहेबांनी काडी खाली केली. आता स्टँड उडणार म्हणून सगळ्यांनी माना खाली घातल्या. पण साहेब हळूहळू, रांगांमधून वाट काढत याकोबपुढे जाऊन उभे राहिले.

"साळवे, सोलो वाजव. एकटा."

"साहेब, चुकलं," याकोब म्हणाला.

"वाजव म्हणतो ना."

याकोबनं कॉर्नेट ओठाला लावला. डोळे मिटले. त्यानं ती ओळ अशी वाजवली, की मला वाटलं, सुटला बिचारा. साहेबही मान डोलवत होते. आणि मान डोलवता डोलवता त्यांनी तळहात उचलला आणि कॉर्नेटच्या भोंग्यावर सगळ्या ताकदीनं हाणला.

वाजवणाऱ्याच्या तोंडाला वाद्य असताना त्याला कुणी बोटही लावत नाही. रस्त्यावरचा लग्नातला बँडसुद्धा हे पाळतो. तो आवाज मी सांगू शकत नाही. याकोब खुर्चीसकट मागे गेला. वरचा ओठ नाकापर्यंत फाटला होता आणि समोरचे दोन दात गेले होते. एक फरशीवर पडला. दुसरा नंतर मी ओठाला लावायच्या माउथपीसच्या वाटीत बघितला. कॉर्नेटमधून रक्त ठिबकत होतं.

"फरशी पुसा," साहेब म्हणाले. "ऐवळे, उद्यापासून सोलो क्लॅरिनेटवर. तू वाजवायचास."

याकोबला दोघांनी धरून उठवलं. दाराशी जाताना त्यानं मागे वळून एकदाच बघितलं, ते माझ्याकडे. तोंडावर धरलेल्या टॉवेलच्या वर फक्त डोळे दिसत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती आणि चोर पहिल्या खुर्चीवर बसून होता.

दवाखान्याच्या कागदावर 'जिन्यावरून पडून' असं लिहिलं गेलं. संध्याकाळी मी त्याच्या क्वार्टरवर गेलो. वाटेत वाक्य पाठ करत गेलो होतो: याकोब, चूक माझी होती, उद्या साहेबांना सांगतो. त्याची बायको मार्था हिनं चहा ठेवला. याकोब आत पलंगावर, तोंडाला टाके घातलेले, भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"रामाभाऊ, तुमी तर फुडंच बसता," मार्था म्हणाली. "काय झालं नेमकं? ह्ये तर बोलतच न्हाईत."

"मोजणी चुकली," मी म्हणालो.

"कुणाची?"

चहा गरम होता. मी तो बशीत ओतला, फुंकला आणि प्यायलो.

"यांची मोजणी कवा चुकत न्हाई," मार्था म्हणाली. "आता डागदर म्हनत्यात, ओठ पयल्यासारखा व्हायचा न्हाई. बँडातनं काढलं तर क्वार्टर जाईल. दोन पोरी हायेत, रामाभाऊ."

"बघू. काईतरी करू," मी म्हणालो आणि उठलो.

मनाला मी कारणं खूप दिली. बोललो तर सगळ्या बँडचं गुपित फुटेल. तीस माणसं मार खातील. आता बोलून याकोबचा ओठ थोडाच शिवला जाणार आहे? कारणं सगळी खरी होती, पण खरं कारण त्यातलं एकही नव्हतं. मला माझा जबडा प्यारा होता. आणि रामा ऐवळेची मोजणी चुकते, हे एकतीस जणांपुढे म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

याकोबला साहेबांनी बँडमधून काढलं नाही. जागा रिकामी दिसायला नको म्हणून झांजा दिल्या. जो माणूस सगळ्या बँडला विहिरीतून वर काढायचा, तो आता मागे उभा राहून पितळेच्या दोन ताटल्या आपटत होता. टाके निघाले होते, पण बोलताना ओठ एका बाजूला ओढला जायचा, म्हणून त्यानं बोलणंच सोडून दिलं. आणि मी? मी त्याचा सोलो वाजवत होतो. असं क्लॅरिनेट मी आधी कधी वाजवलं नव्हतं. पोटात जे साचलं होतं ते सगळं त्या आठ ठोक्यांत येत असावं. तीन आठवड्यांत साहेबांनी माझ्या अंगाला हात लावला नाही. उलट एकदा खांद्यावर थाप मारली.

स्पर्धेची सकाळ उजाडली. मोठं मैदान, मंडप, वीसेक जिल्ह्यांचे बँड. आमचा नंबर दुपारी होता. आमच्या तंबूमागे कडुलिंबाला आरसा टांगून साहेब दाढी करत होते. हातात वस्तरा. मी सावधान होऊन उभा राहिलो. आज नाही बोललो तर आयुष्यात बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"साहेब, एक सांगायचं होतं."

"बोल."

"त्या दिवशी विहिरीत याकोब चुकला नव्हता, साहेब. मी चुकलो होतो. मी क्लॅरिनेट आधी उचललं. त्यानं माझं बघून वाजवलं."

साहेबांनी गालावरून वस्तरा खाली ओढला. फेस पुसला.

"माहीत आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"तुझं ते एक बोट उचलणं मला पहिल्या आठवड्यापासून दिसतंय, ऐवळे. आंधळा समजलास का? आधी वाटलं, मोडून काढावं. मग म्हटलं, लगाम आयता तयार आहे, तर दुसरा कशाला करा. एक माणूस मुठीत धरला की एकतीस मुठीत. त्या दिवशी तू तिसऱ्या ठोक्याला उचललंस. मी बघत होतो."

"मग... मग याकोबला का, साहेब?"

"तुला मारलं असतं तर तू मोडला असतास, नाहीतर रुसला असतास. दोन्हीत माझा बँड गेला असता." वस्तरा दुसऱ्या गालावर आला. "त्याला मारलं. त्यानंतर तुझी मोजणी चुकली का एकदा तरी? कसा वाजवतोयस बघ. कॉर्नेट काय, दुसरा मिळतो."

"त्याचं तोंड गेलं, साहेब."

"बँडला तोंड एकच असतं. ते माझं." त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, अगदी शिकवण्याचा सूर होता. "तू पुढेमागे मास्तर होशील. तुझ्यात आहे ते. म्हणून सांगतो. मारायचं कुणाला ते कळलं पाहिजे. जा, कडक इस्त्रीचा शर्ट घाल."

मी गेलो आणि शर्ट घातला. काय करायचं ते मी ठरवलं होतं असं लोक नंतर म्हणाले. मी काही ठरवलं नव्हतं. मला फक्त त्यांचा तो शांत आवाज ऐकू येत होता.

स्टेजवर आम्ही चढलो. समोर पहिल्या रांगेत बडे अधिकारी, परीक्षक, त्यांच्या बायका, मागे हजारभर माणसं. साहेबांनी काडी उचलली आणि 'चढाई' सुरू झाली. काय वाजलो आम्ही त्या दिवशी! बँडमध्ये असूनही माझ्या अंगावर काटा आला. पायरी पायरीनं आवाज चढत गेला, ढोल अंगात घुमायला लागला, मागे याकोबच्या झांजा कडाडल्या, आणि सगळं तुटलं.

विहीर.

एक. दोन. तीन. चार.

साहेबांची काडी माझ्याकडे आली. मी क्लॅरिनेट उचललं नाही.

पाच. सहा. साहेबांनी पुन्हा इशारा केला. मी क्लॅरिनेट ओठांवरून काढलं आणि मांडीवर आडवं ठेवलं. तोंड बंद ठेवायला मी तीन आठवड्यांत चांगला शिकलो होतो. इतके दिवस ते चुकीच्या ठिकाणी बंद ठेवलं होतं, एवढंच.

"ऐवळे," साहेब दातांतून म्हणाले.

नऊ. दहा. सोलोचे ठोके संपत आले. साहेबांनी सोलो सोडून दिला आणि दोन्ही हात उघडून सगळ्या बँडला सुरुवात दिली. मोठी, स्वच्छ, आंधळ्यालाही दिसेल अशी. तीस माणसं होती. त्यातली कित्येक त्यांच्या नावानं रात्री दचकून उठायची. पण ती सगळी माझ्या मांडीवरच्या क्लॅरिनेटकडे बघत होती आणि ते हललं नाही. एकाही वाद्यातून सूर निघाला नाही. बाबू तुपेचे गाल फुगलेले होते, ते तसेच राहिले. मंडपात कुणीतरी खोकलं.

साहेबांनी पुन्हा हात उघडले, मग तिसऱ्यांदा. आणि मग ते माझ्यावर आले.

काडी गालात घुसली आणि मोडली. मी हललो नाही. त्यांनी पुढ्यातला लोखंडी स्टँड उचलला, स्वरलिपीचे कागद सगळीकडे उडाले, आणि स्टँड माझ्या डाव्या हातावर आला. क्लॅरिनेटवरच्या हातावर. पहिल्या घावाला लाकूड फुटलं. दुसऱ्याला बोटं. खरं सांगतो, मी हात काढून घेऊ शकलो असतो. काढला नाही. तो मार माझाच होता, तीन आठवडे उशिरा आलेला. तिसरा घाव उजव्या खांद्यावर बसला आणि मी खुर्चीवरून खाली आलो, मग बूट बरगड्यांत बसायला लागले. मंडपात बायका किंचाळत होत्या. साहेब मारत होते आणि त्यातसुद्धा त्यांचा ठोका चुकत नव्हता.

स्टँड पुन्हा वर गेला. ह्या वेळी डोकं, हे मला कळलं. तेवढ्यात कुणीतरी माझ्यावर ओणवं झालं, आणि असा आवाज झाला की कान बधिर झाले. याकोब होता. त्यानं झांज डोक्यावर ढालीसारखी धरली होती आणि स्टँड तिच्यावर बसला होता. ती झांज कितीतरी वेळ वाजत राहिली. आमच्या बँडचा त्या दिवसाचा शेवटचा सूर तोच.

मग बडे अधिकारी स्टेजवर धावले. चार जणांनी साहेबांना धरलं. हजार माणसांपुढे झालं होतं, 'जिन्यावरून पडला' म्हणायची सोय नव्हती. त्यांना खाली नेताना ते माझ्याजवळ थांबले. धाप लागली होती, कातरलेल्या मिशीवर माझं रक्त होतं.

"एकतीसच्या एकतीस एकदम गप्प," ते म्हणाले. "एकाचाही श्वास सुटला नाही. असा बँड कुणी घडवला, ऐवळे? मी."

त्यांचे डोळे भरून आले होते. याकोब विहिरीतून निघायचा तेव्हा यायचे तसे. मला तो माणूस आजही पुरता कळलेला नाही.

त्यांना आधी निलंबित केलं, मग घरी बसवलं. माझी डाव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. क्लॅरिनेट संपलं. पुढे सात वर्षांनी मलाच मास्तर केलं, कारण वाजवता न येणाऱ्या माणसाला दुसरं काय करणार? अकरा वर्षं मी तो बँड चालवला. काडी हातात धरली नाही. बोटं वाकडी असली तरी चौथ्या ठोक्याला हात वर केला की पोरांना कळायचं. हात पुष्कळदा शिवशिवला, हेही सांगून टाकतो. तेव्हा मी तो पाठीमागे बांधायचो आणि बारनबस मास्तरांसारखं 'परत घेऊ या' म्हणायचो. आमचा बँड दुसरा-तिसरा यायचा. पहिला कधी आला नाही.

पण मला सांगायचं होतं ते दवाखान्यातलं.

स्पर्धेनंतर तिसऱ्या दिवशी याकोब डबा घेऊन आला. माझे दोन्ही हात बांधलेले, गाल शिवलेला. मार्थानं मऊ भात दिला होता, दुधात कालवलेला. त्यालाही अजून तसाच भात खावा लागत होता. तो खाटेवर बसला, चमच्यात घास घेतला.

"याकोब," मी म्हणालो, "आधी ऐक. त्या दिशी चूक माझी हुती. क्लॅरिनेट मी आधी उचललं."

"ठावं हाय," तो म्हणाला. ओठ एका बाजूला ओढला गेला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज ऐकत होतो. "तुझ्याकडंच बघत हुतो की मी."

"मग तवाच बोलला का न्हाईस? साहेबाफुडं? मार्थाला तरी?"

त्यानं चमच्यातल्या भातावर फुंकर मारली. फाटलेल्या ओठातून ती नीट निघाली नाही.

"तू बोलशील म्हून वाट बगत हुतो," तो म्हणाला. "घरी आलास तवा वाटलं, आता बोलंल. च्या पिऊन गेलास. मग रोज वाटायचं, आज बोलंल. झांजा वाजवताना बी तुझ्याकडंच बघत हुतो."

मला रडू फुटलं. टाक्यांमुळे नीट रडताही येत नव्हतं. त्यानं माझे डोळे पुसले नाहीत, की असू दे म्हणाला नाही. त्यानं चमचा माझ्या तोंडापुढे धरला आणि तसाच धरून बसून राहिला.

मला तोंड उघडायला बराच वेळ लागला.